वादळात उघडलं जाणारं पान आधी लिहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरी आणि कुडाळ मिळून तुम्ही पाच जण एक ओपन सोर्स वितरित फाइल स्टोरेज, म्हणजे फाइली अनेक यंत्रांवर मिळून साठवणारी प्रणाली, बांधताय. कोड दोन वर्षांचा झाला, बाहेरची मंडळी वापरायला लागली, पहिली पक्की आवृत्ती दिवाळीच्या सुमाराला काढायची आहे. डॉक्युमेंटेशन म्हणून एक विकी आहे, त्यात चाळीसेक पानं. फारसं कुणी वाचत नाही, आणि जे वाचतात ते वाचूनही फोन करतात. तेव्हा नियोजन कुठून सुरू करायचं, काय आधी लिहायचं, कुणी लिहायचं, आणि मराठीत की इंग्रजीत.

मी सोळा वर्षं स्टोरेज सांभाळतोय. आधी ग्लस्टर, मग सेफ; दोन्ही अशाच वितरित स्टोरेज प्रणाली. हल्ली ते चालवण्यापेक्षा त्याबद्दल लिहिण्यातच माझा जास्त वेळ जातो. त्यातून एक गोष्ट मनाशी पक्की झाली आहे, ती आधी सांगतो. डॉक्युमेंटेशनची अनुक्रमणिका प्रणालीच्या भागांवरून आखू नका. माणूस ते पान कुठल्या वेळी उघडणार आहे, त्यावरून आखा. आणि त्यातली सगळ्यात वाईट वेळ पहिली घ्या.

हे मी कुठे शिकलो ते सांगतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा मी दापोलीत होतो. माडा-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब मोडले, मोबाइलचे टॉवर बंद पडले. मी ज्या संस्थेचं काम बघत होतो तिथे तीन सर्व्हरवर सेफ चालत होतं, प्रत्येक फाइलच्या तीन प्रती. लाईट गेली, यूपीएसने चाळीस मिनिटं तग धरला आणि मग तिन्ही यंत्रं जशी जमेल तशी बंद पडली. आठव्या दिवशी एक जनरेटर मिळाला, दोन तास पुरेल एवढं डिझेल मिळालं. आम्ही यंत्रं चालू केली. मॉनिटरचं (म्हणजे पडदा नव्हे, कुठलं यंत्र चालू आणि कुठलं बंद याची नोंद ठेवणारे सेफचे प्रोग्रॅम) बहुमत जमायचं आणि मोडायचं, पुन्हा जमायचं, पुन्हा मोडायचं. पंचवीस मिनिटांनी लक्षात आलं की दोन यंत्रांच्या मदरबोर्डवरची घड्याळाची बॅटरी संपली होती. इतके दिवस वीज नसल्याने त्यांची तारीख कितीतरी वर्षं मागे गेली होती. सेफचे मॉनिटर एकमेकांच्या घड्याळात मुळात ०.०५ सेकंदाचाच फरक चालवून घेतात. एरवी वेळ इंटरनेटवरून येते, आणि इंटरनेट तर नव्हतंच.

आमच्या स्वतःच्या टिपणात याबद्दल एक वाक्य होतं: ‘सगळ्या सर्व्हरवर एनटीपी चालू ठेवा.’ एनटीपी म्हणजे नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याची पद्धत. इंटरनेट नसेल तर काय, हे मीच लिहिलं नव्हतं. सेफचं अधिकृत डॉक्युमेंटेशन भरपूर आहे, पण ते वाचायचं तर वेबवर, आणि फोनला एक रेघसुद्धा येत नव्हती. शेवटी एका यंत्राची वेळ मनगटातल्या घड्याळावरून लावली, वेळ जुळवणाऱ्या क्रोनी या प्रोग्रॅममध्ये त्यालाच स्थानिक वेळ-सर्व्हर केलं आणि बाकी दोघांना त्याच्यामागे लावलं. डिझेल संपायला पंधरा मिनिटं उरली असताना क्लस्टर, म्हणजे तिन्ही यंत्रांचा मिळून संच, उभा राहिला. एकही फाइल गेली नाही. पण माझ्याकडे शंभरेक पानांचं टिपण असून त्या दोन तासांत लागणारी तीन पानं त्यात नव्हती: सगळं नीट बंद कसं करायचं, सगळं नीट चालू कसं करायचं, आणि बाहेरचं जग तुटलेलं असताना हे कसं करायचं.

म्हणून तुमच्या नियोजनात पहिली ओळ हीच. अख्खा क्लस्टर बंद करण्याचं आणि चालू करण्याचं पान. त्यात क्रम हवा आणि प्रत्येक पायरीचं कारण हवं. सेफमध्ये आधी क्लायंट (फाइली वापरणारी यंत्रं) थांबवायचे, मग ‘नोआउट’ वगैरे झेंडे (क्लस्टरला द्यायच्या सूचना) लावायचे, मग डिस्कवाले नोड (क्लस्टरमधली यंत्रं) बंद करायचे, मॉनिटर सगळ्यात शेवटी. चालू करताना बरोबर उलट. ‘नोआउट’ कशासाठी? एखादी डिस्क १० मिनिटांहून जास्त वेळ दिसली नाही की सेफ ती गेली असं धरतो आणि तिच्यावरच्या फाइलींच्या प्रती दुसरीकडे करायला लागतो. आपण मुद्दाम बंद केलेल्या यंत्रासाठी ही धावपळ नको असते. हे कारण लिहिलं नाही तर घाईतला माणूस ती पायरी गाळतो. तुमच्या प्रणालीत क्रम वेगळा असेल, तो तुम्हालाच ठाऊक. पण तो आज कुठे आहे? बहुधा तुमच्यातल्या एकाच्या डोक्यात, आणि तो गणपतीत गावी गेला की क्लस्टरचं ज्ञानही त्याच्याबरोबर गावी जातं.

आता तुमच्या विकीकडे येतो. तुम्ही पाठवलेल्या यादीत मेटाडेटा सर्व्हर, डेटा नोड, क्लायंट, कॉन्फिगरेशन, एपीआय असे विभाग आहेत. ही तुमच्या कोडच्या फोल्डरांचीच यादी आहे. ज्याने कोड लिहिला त्याला ती सोयीची वाटते, कारण त्याला आधीच माहीत असतं कुठलं दुखणं कुठल्या भागातलं. रात्री अकरा वाजता फोन करणाऱ्याला फक्त एवढंच दिसत असतं की ‘फाइल उघडत नाही’. त्याने कुठल्या विभागात शिरायचं?

त्यामुळे नवी अनुक्रमणिका बनवण्याआधी एक काम करा, आणि त्याला आठवडाभर लागला तरी लागू दे. दोन वर्षांत आलेले सगळे प्रश्न गोळा करा: मेल, इश्यू, व्हॉट्सअ‍ॅप, फोनवर विचारलेले आठवतील तेवढे. प्रत्येक प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत एका चिठ्ठीवर लिहा. ‘नोड रिकव्हरी’ असं तुमच्या भाषेत करू नका. तो ‘कालपासून एक डबा लाल दाखवतोय, काढू का?’ असं म्हणाला असेल तर तेच लिहा. मग चिठ्ठ्यांचे ढीग लावा, विषयानुसार नाही, तर त्या माणसाचं काय पणाला लागलं होतं त्यानुसार. फाइली जाण्याची भीती होती, काम अडलं होतं, की नुसती माहिती हवी होती. पहिला ढीग म्हणजे तुमच्या पहिल्या दोन महिन्यांचं नियोजन. त्या चिठ्ठ्यांवरचे शब्द पानांच्या मथळ्यांत येऊ द्या, कारण पुढचा माणूसही तसंच शोधणार आहे. पडद्यावर येणारा एररचा मजकूरही अक्षरशः तसाच छापा, कारण अडलेला माणूस तोच शोधखिडकीत चिकटवतो.

डॅनिएले प्रोसिडा यांची डायटॅक्सिस नावाची मांडणी तुमच्या वाचनात येईलच. शिकवणी, कृती, संदर्भ आणि स्पष्टीकरण असे डॉक्युमेंटेशनचे चार प्रकार ती वेगळे करते. भेद खरा आहे आणि लिहिताना फार उपयोगी पडतो. कृतीच्या पानात तुम्ही मध्येच अल्गोरिदम समजावायला लागलात की वाचणाऱ्याचा हात थांबतो. पण चार रिकामी फोल्डरं करून ती भरत बसू नका. मी एकदा ते करून पाहिलंय. सहा महिन्यांनी ‘स्पष्टीकरण’ तुडुंब भरलेलं आणि ‘कृती’त तीन पानं. आपल्याला जे लिहायला आवडतं तेच आपण लिहितो. ढिगातून पान उचला, ते लिहा, मग कुठल्या प्रकारात जातं ते ठरवा.

यानंतरचं सगळ्यात महत्त्वाचं पान म्हणजे वचनाचं पान. स्टोरेज म्हणजे दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेणं. काय सांभाळू, किती सांभाळू आणि कुठल्या प्रसंगी सांभाळू शकणार नाही, हे एका पानावर लिहून सही करण्याची तयारी हवी. प्रणालीने ‘लिहिलं’ असं उत्तर दिलं म्हणजे नेमकं काय झालेलं असतं? सेफमध्ये सर्व सक्रिय प्रतींवर लेखन पक्कं झाल्यावरच क्लायंटला होकार जातो. ग्लस्टरच्या रेप्लिकेट व्हॉल्यूममध्ये (प्रती ठेवणाऱ्या साठ्यात) क्लायंटच सगळ्या ब्रिकांवर (एकेक प्रत ठेवायच्या जागांवर) लिहितो. तुमच्याकडे काय होतं? एका नोडच्या मेमरीत पोहोचलं की होकार जात असेल तर तसं स्पष्ट लिहा. त्यात लाजण्यासारखं काही नाही, लपवण्यात आहे.

मग नोड मेला तर काय, आणि मधली वायर तुटली तर काय. यातलं दुसरं जास्त अवघड. ग्लस्टरमध्ये दोनच प्रती ठेवल्या आणि दोन यंत्रांमधला संपर्क तुटला, तर दोन्हीकडे वेगवेगळं लिहिलं जाऊ शकतं. संपर्क परत आला की खरी प्रत कुठली हे यंत्राला ठरवता येत नाही. यालाच स्प्लिट-ब्रेन म्हणतात. तशी फाइल उघडायला गेलं की इनपुट-आउटपुट एरर येते. म्हणूनच तीन प्रती ठेवायला सांगतात, किंवा दोन प्रती आणि एक आर्बिटर. या तिसऱ्या ब्रिकवर फाइलींची नावं आणि मेटाडेटा (फाइलीबद्दलची माहिती) असतो, आतला मजकूर नसतो, पण भांडण सोडवायला तेवढं पुरतं. सेफमध्ये तीन प्रतींच्या पूलला (साठ्याच्या एका गटाला) किमान दोन जिवंत असाव्यात अशी मूळ अट असते. एकच उरली की त्या भागावरचं वाचणं-लिहिणं तो थांबवतो. नवीन माणसाला वाटतं प्रणाली बिघडली, आणि कुणाचा तरी सल्ला ऐकून तो किमान एकवर आणून ठेवतो. त्यानंतर ती शेवटची डिस्क गेली की मधलं सगळं लेखन गेलं. हे ‘थांबणं’ मुद्दाम केलेलं आहे, तुमच्या फाइलींसाठी केलेलं आहे, हे वाक्य पानाच्या पहिल्या परिच्छेदात हवं होतं. किती लोकांची रात्र वाचली असती!

आणि तीन प्रती कुठे, हेही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. माझ्या माहितीतल्या एका कार्यालयात तीन सर्व्हर होते, तीन प्रती होत्या, सगळं कसं पुस्तकाप्रमाणे होतं. तिन्ही सर्व्हर तळमजल्यावरच्या एकाच खोलीत होते. सेफची नेहमीची मांडणी प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर जातील एवढं बघते. यंत्रं वेगवेगळ्या खोलीत, वेगवेगळ्या मजल्यावर आहेत का, हे तुम्ही क्रशच्या नकाशात (कुठली प्रत कुठे ठेवायची हे ठरवणाऱ्या सेफच्या मांडणीत) सांगितल्याशिवाय त्याला कळत नाही. प्रतींचं पान लिहिताना ‘या प्रती कशापासून वाचवतात आणि कशापासून नाही’ असा भाग ठेवाच. त्यातच हेही येऊ दे की प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल तिन्ही प्रतींमधून एकदमच पुसली जाते.

जागेचा हिशेब हेही असंच दुर्लक्षिलेलं पान. लोक डिस्क विकत घेतात तेव्हा एक आकडा डोक्यात असतो आणि प्रत्यक्ष भरते ती वेगळीच. सेफचे मूळ उंबरठे सांगतो: ८५ टक्क्यांना इशारा, ९० टक्क्यांना त्या डिस्कवर नव्या प्रती बसवणं बंद, ९५ टक्क्यांना लिहिणंच बंद. आता चार नोड घ्या, प्रत्येकी १० टीबी. एकूण ४० टीबी. तीन प्रती म्हणजे सव्वातेरा टीबीच्या आसपास खऱ्या फाइली, असा हिशेब बहुतेक जण करतात. पण एक नोड गेला तर त्याच्यावरच्या प्रती उरलेल्या तिघांत मावल्या पाहिजेत. उरले ३० टीबी, त्याचे ८५ टक्के म्हणजे साडेपंचवीस, त्याला तीनने भागलं की साडेआठ. ४० टीबी घेतले आणि निर्धास्तपणे ठेवता आले साडेआठ. हा हिशेब खरेदीच्या आधी ज्याच्या हातात पडतो तो तुमचा कायमचा माणूस होतो. ज्याला एक नोड गेल्यावर कळतो तो पुन्हा तुमच्याकडे येत नाही. तुमच्या प्रणालीचे आकडे घालून असाच एक हिशेब ओळीओळीने मांडा. सूत्र देऊन सोडू नका.

शब्दसूची छोटी ठेवा, पण कडक ठेवा. एका वस्तूला एकच नाव. तुमच्या विकीत एकाच यंत्राला नोड, सर्व्हर, होस्ट आणि एके ठिकाणी चक्क ‘पीसी’ म्हटलंय. वाचणाऱ्याला त्या चार वस्तू वाटतात.

आवृत्तीचा प्रश्न मात्र छोटा नाही. डॉक्युमेंटेशन विकीवर ठेवू नका, कोडच्याच रेपोमध्ये (कोड जिथे ठेवता त्या कोठारात) आणा. सेफ तसंच करतो: स्फिंक्स या साधनाने बांधलेली पानं, कोडच्या शेजारी, प्रत्येक आवृत्तीची वेगळी. याचा खरा फायदा असा की वागणूक बदलणाऱ्या पुल रिक्वेस्टमध्ये (कोडमध्ये हा बदल घ्या अशा विनंतीत) पान बदललेलं नसेल तर ती तिथेच अडवता येते. आणि जुनी पानं मरत नाहीत, हे ध्यानात ठेवा. सेफमध्ये सेफ-एडीएम हे क्लस्टर उभारायचं साधन २०२० च्या ऑक्टोपस आवृत्तीत आलं, तरी त्याआधीच्या सेफ-डिप्लॉयने क्लस्टर उभारायला सांगणारे लेख लोकांना नंतर कितीतरी काळ सापडत राहिले. माणूस शोधतो, पहिलं पान उघडतो, आणि त्यातल्या आज्ञा टाइप करतो. म्हणून प्रत्येक पानाच्या डोक्यावर आवृत्ती हवी, शेवटी कुणी आणि कधी करून पाहिलं ते हवं, आणि जुन्या पानावर ठळक पट्टी हवी की नवं पान इथे आहे. विकी बंद करताना नुसती बंद करू नका. तिथल्या प्रत्येक पत्त्यावरून नव्या पानाकडे वाट काढून द्या.

भाषेबद्दल. तुमच्या प्रणालीचे वापरणारे उद्या कुठेही असतील, त्यामुळे संदर्भाची पानं इंग्रजीत ठेवावी लागतील. पण तुमचे आजचे वापरणारे सिंधुदुर्ग-रत्नागिरीतली वाचनालयं, छोटी कार्यालयं, महाविद्यालयं आहेत. तिथे रात्री यंत्राशी उभा असतो तो बहुधा संगणक-विभागाचा नसतो, तो लिपिक असतो किंवा ग्रंथपाल. त्याच्यासाठी संकटाची पानं आणि वचनाचं पान मराठीत लिहाच. रेप्लिका, नोड, क्लस्टर हे शब्द तसेच ठेवा. त्यांना संस्कृत प्रतिशब्द घडवून दिलात तर पडद्यावर दिसणारा शब्द आणि पानावरचा शब्द जुळणार नाही. वाक्यं मराठी, आज्ञा जशीच्या तशी.

परत न फिरता येणाऱ्या आज्ञांबद्दल एवढंच: इशारा आज्ञेच्या आधी द्या. घाईतला माणूस वरून खाली वाचतो आणि चौकट दिसली की तिथेच चिकटवतो. सेफमध्ये काही विध्वंसक आज्ञांना ‘येस आय रिअली मीन इट’ असा अख्खा वाक्याचा पर्याय जोडावा लागतो, ती उत्तम सोय आहे. पण पानावर आज्ञा त्या पर्यायासकट छापली तर सोय फुकट जाते. तो भाग वाचकाला स्वतः टाइप करू द्या.

कोण लिहिणार? पाचही जण, पण प्रत्येक पानाचा धनी एकच. कोड लिहिणाऱ्याने कच्चा मजकूर सांगायचा, दुसऱ्याने लिहायचा, तिसऱ्याने करून बघायचा. दिवाळीपर्यंत बारा-पंधरा पानं झाली तर मला समाधान वाटेल. दहा वेगवेगळ्या लिनक्सवर कसं बसवायचं, प्रणाली कशी सुचली, हे सगळं नंतर.

करून बघणं मात्र टाळू नका. कोकणात आगोटीला आपण घर शाकारतो, लाकडं आत घेतो, मीठ-मसाल्याची बेगमी करतो. तसा मे महिन्यातला एक दिवस दरवर्षी यासाठी ठरवून टाका. तीन जुनी यंत्रं, ज्याने पान लिहिलं नाही असा एक माणूस, आणि त्याच्यामागे गप्प बसलेला लिहिणारा. एका यंत्राची पिन काढा, राउटरही बंद करा, आणि त्याला छापील पानावरून सगळं उभं करू द्या. तो जिथे मागे वळून विचारेल तिथे बोलायचं नाही, समासात खूण करायची. स्फिंक्समधून पीडीएफ आणि ईपब दोन्ही निघतात, तेव्हा प्रत्येक आवृत्तीबरोबर त्या फाइली द्या. बंद-चालू करण्याची पानं छापून रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा, लॅमिनेट करून. आपल्या दमट हवेत साधा कागद दोन पावसाळ्यांत लोळागोळा होतो.

एक पान कुणालाच लिहावंसं वाटत नाही: आमची प्रणाली सोडून जायचं तर फाइली बाहेर कशा काढायच्या. लिहा. रेड हॅटने २०११ मध्ये ग्लस्टर विकत घेतलं, आणि रेड हॅट ग्लस्टर स्टोरेजचा आधार ३१ डिसेंबर २०२४ ला संपला. एवढी मोठी कंपनी मागे असूनही ती वेळ आली. साध्या रेप्लिकेट व्हॉल्यूममध्ये ग्लस्टर ब्रिकवर नेहमीच्याच फाइली ठेवतं, त्यामुळे शार्डिंग (फाइलींचे तुकडे करून ठेवणं) लावलेलं नसेल तर ग्लस्टर बंद असतानाही त्या वाचता येतात. सेफमध्ये डिस्कवर ऑब्जेक्टचे तुकडे असतात, तिथे क्लस्टर जिवंत ठेवूनच माल बाहेर काढावा लागतो. तुमच्याकडे यातलं काय आहे ते स्वीकारणाऱ्याला पहिल्या दिवशी कळलं पाहिजे. तुम्ही पाच जण आहात. ग्रंथपाल तुमच्यावर विश्वास टाकतोय तो याच पानाच्या जोरावर टाकेल.

सगळं एकदम पाठवू नका. बंद-चालू करण्याचं पान तयार झालं की तेवढंच पाठवा, तुमच्या प्रणालीच्या इमेजसकट (यंत्रावर बसवायला तयार असलेल्या फाइलीसकट). माझ्याकडे पडवीत तीन जुनी यंत्रं आहेत. मी कोड न बघता फक्त पान हातात घेऊन ती बंद करीन, घड्याळं मागे नेईन, आणि इंटरनेटशिवाय चालू करून पाहीन. जिथे अडेन तिथे खुणा करून पान परत धाडतो.